उशीर नव्हे, उसिरु

आक्का, आपलं भांडण अर्धं राहिलं होतं. ते संपवायला बसलोय.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी निपाणीत मला माईकसमोर उभं केलं होतं. मी काय बोललो ते तू ऐकलं असतंस तर पोट धरून हसली असतीस. 'कर्तबगार अभियंता', 'न भरून येणारी पोकळी', 'ईश्वर मृतात्म्यास'... आणि तेही बुद्धाच्या फोटोसमोर! आयुष्यभर ज्या शब्दांची टिंगल केली, तेच नेमके तोंडात आले. खाली येऊन बसलो तर ईराप्पा, माझा फायर ब्रिगेडमधला जुना जोडीदार, कानाशी लागला, "परशा, तू आक्काबद्दल बोललास का कुठल्या आमदाराबद्दल?" तेव्हाच ठरवलं, तुझ्याशी बोलायचं ते तुझ्याशीच बोलायचं. डोक्यातली शीर फुटते आणि चालतंबोलतं माणूस बघता बघता जातं, हे मला अजून पटलेलं नाही. पण त्यावर तुझ्याशी वाद घालून उपयोग नाही. आपला वाद वेगळा होता. त्यात तू जिंकलीस की मी, ते शेवटी सांगतो. मधेच विचारायचं नाही.

तू पहिल्यांदा भेटलीस ती या ईराप्पामुळंच. निपाणीच्या एका तंबाखू वखारीला आग लागली आणि आम्ही बेळगावहून मदतीला गेलो. आत पोत्यांच्या थप्प्या छपराला टेकलेल्या आणि दोन थप्प्यांच्या मध्ये माणूस तिरका झाला तर जाईल एवढीच वाट. ईराप्पा पुढं होता. मध्येच त्याच्या पाठीवरची हवेची टाकी दोन्हीकडच्या पोत्यांत अडकली. पुढं जाता येईना, मागं येता येईना. त्यानं पट्टे सोडून टाकी उतरवायचा प्रयत्न केला आणि त्या झटापटीत तोंडावरचा मास्क सरकला. तंबाखूचा धूर रस्त्यावरच्या माणसालाही खोकून लोळवतो, हा तर धुराच्या पोटात होता. ओढून काढला म्हणून जीव वाचला, पण छाती कायमची गेली. सदलग्याच्या तालमीतला गडी तो. आता जिना चढताना मध्ये थांबतो आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असल्याचं नाटक करतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तू आमच्या फायर स्टेशनच्या दारात उभी राहिलीस. उद्यमबागेतल्या कुठल्याशा कारखान्यात इंजिनिअर होतीस, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकत होतं. मी आपला सरकारी खाक्या दाखवला, "मॅडम, टाकी बघायची तर परवानगी आणा."

"मॅडम नका म्हणू, अण्णा. घरात थोरली हाय मी. निपाणीत समदी आक्काच म्हणत्यात."

माझी पोरगी शोभली असतीस, तरी त्या दिवसापासून तू आक्का आणि मी अण्णा. परवानगीचं राहूनच गेलं. तू मला टाकी पाठीवर चढवायला लावलीस, भांडारातल्या दोन कपाटांच्या फटीतून जायला सांगितलंस, आणि मी अडकलो तेव्हा हात बांधून बघत राहिलीस.

"ही कुणासाठी केलीया?"

"कुणासाठी म्हंजे? आमच्यासाठी."

"न्हाय अण्णा. तुमच्यासाठी केली असती तर तुम्ही जाता तिथं ती आली असती."

मला राग आला होता, खरं सांगतो. मग तू सांगितलंस की तुझे वडील असल्याच वखारीत हमाल होते आणि शाळा सुटली की तू त्यांचा डबा घेऊन त्याच फटींतून जायचीस. डबा डोक्यावर धरून आडवी व्हायचीस, तेव्हा पलीकडं निघायचीस. ईराप्पा कुठं अडकला असेल ते तू डोळे मिटून सांगू शकत होतीस. राग तिथंच उतरला.

मी रिटायर झाल्यावर लोक भेटले की एकच विचारायचे, किती आगी विझवल्या? तू नंदगडला माझ्या घरी आलीस, चहाला हात लावायच्या आधी विचारलंस, "अण्णा, आत गेल्यावर भीती कुठं वाटती?" असं कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांनीही नाही. मी म्हणालो, "पाठीत. समोरचं जाळ-धूर काय असंल ते दिसतंय तरी. पाठीवर टाकी हाय, ती कुठं घासाय लागलीया, कशात अडाकतीया, ते कळत न्हाय. सगळी भीती पाठीत जाऊन बसती." तू मान हलवलीस आणि चहा गार होऊ दिलास.

मग तू नोकरी सोडलीस. पिरनवाडीत पत्र्याचं शेड घेतलंस, धाकट्या भावाला, मिलिंदला, हाताशी घेतलंस आणि पाठीशी खेळायला लागलीस. एका जाड टाकीऐवजी शेजारीशेजारी झोपवलेल्या बारीक नळ्या, वाकवलेल्या नळीनं एकमेकींना जोडलेल्या, वर आग सोसणारं कापड. सगळं मिळून शाळेच्या दप्तराएवढं जाड आणि माणूस वाकला की त्याच्याबरोबर वाकणारं. सांगायला एवढं सोपं. करायला तू किती नळ्या पाण्याच्या दाबानं फोडल्यास आणि किती वेळा सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून मांडलंस, ते मिलिंदला विचारावं. तो बिचारा तुटक्या नळ्या बघून तोंड पाडायचा. तू म्हणायचीस, "हितं फुटली ती बरी, तिथं फुटणार न्हाय."

आणि ते पाठीवर बांधूनच तू दिवसभर वावरायचीस. चहा करताना, फोनवर भांडताना, लेथवर वाकताना. एकदा तशीच निपाणीच्या बाजारात गेलीस. भाजीवाली म्हणाली, "आक्का, कशावर फवारणी काढलीया?" तू म्हणालीस, "धुरावर." येताना एसटीत बसलीस आणि तिथून मला फोन केलास, "अण्णा, सीटला टेकून बसता येतंय! टेकून!" अख्ख्या एसटीनं ऐकलं असणार. एवढा आनंद मी कुणाच्या लग्नातही ऐकलेला नाही.

माझं काम चुका काढायचं. पट्टा खांद्याला काचतो, बकल हातमोज्यानं उघडत नाही, नळी मानेला घासते. तू एकेक चूक अशी घ्यायचीस जशी मी भेट आणलीये. मी पुष्कळ हुशार माणसं बघितली आक्का, पण बहुतेकांची हुशारी चूक दाखवली की आंबते. तुझी फुलायची. हे तुला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "गोड बोलू नका, अजून काय खटकतंय ते बोला."

आता त्या दिवसाबद्दल. त्याची आठवण काढली की तू लाजायचीस आणि मला हसू यायचं. आज हसू येत नाही, तरी सांगतो.

शेडमध्ये तू खोटी वखार उभी केली होतीस. भुशाची पोती छपरापर्यंत, मध्ये तसलीच वाट. ओलं गवत पेटवून धूर भरला. मी तुझा नवा संच बांधून आत शिरलो, बाहेर तू वॉकीटॉकी घेऊन. या संचाला अजून शिट्टी बसवलेली नव्हती. हवा कमी झाली की शिट्टी वाजते, ती सगळ्या संचांना असते, पण तुझ्या चपट्या पाठीला ती बाहेर येत होती म्हणून तू म्हणालीस, नंतर बघू. संच झकास होता. कुठं अडकला नाही, कुठं घासला नाही. मला तर इतकं बरं वाटलं की काट्याकडं बघायचं राहिलं, आणि बघायला गेलो तेव्हा धुरात काटा दिसेना. मग ओढताना श्वास जड यायला लागला. मी वॉकीटॉकीत ओरडलो, "उसिरु! उसिरु!"

आता, कानडीत उसिरु म्हणजे श्वास. मी घरात मराठी, पण सगळी नोकरी कानडीत केली. हुकूम कानडीत, ओरडणं कानडीत, मास्क घातला की माझ्या तोंडात कानडीच येते. आणि तू निपाणीची. मास्कमधून घुसमटत आलेला शब्द तुझ्या कानावर पडला तो मराठी होऊन. तू शांतपणे उत्तर दिलंस, "होऊ दे उशीर, अण्णा. सावकाश या."

आत मी, हवा संपत आलेली, आणि बाहेरून प्रेमानं सांगतायत, सावकाश या!

कसा आलो ते आलो. बाहेर पडून मास्क ओढून काढला आणि तुझ्यावर तुटून पडलो. "तुला कानडी येत न्हाय व्हय गं?"

"येतंय की! पण तुम्ही मराठी माणूस, मला काय म्हाईत आत गेल्यावर कानडी होताय ते!"

"मग मरताना काय भाषांतर करून सांगू?"

मिलिंद तोंड फिरवून हसत होता. मीही थोड्या वेळानं हसलो. तू मात्र भुशाच्या पोत्यावर बसून राहिलीस, हातात ती वॉकीटॉकी. नंतर एवढंच म्हणालीस, "ईराप्पाकाका पण आत ओरडले असतील. काय ओरडले असतील आणि कुणी काय ऐकलं असंल?" त्या गोंधळात कुणाला काही ऐकूच आलं नव्हतं.

शिट्टी तू दुसऱ्याच दिवशी बसवलीस, छातीच्या पट्ट्यात, चपटी करून. पण तेवढ्यावर तुझं समाधान होईना. "चौघं आत असली आणि चौघांच्या शिट्ट्या वाजल्या, तर आपली कुठली ते कसं कळणार?" हे खरंच होतं. आम्हालाही ते नडलेलं. तू शेडवर बैठक बोलावलीस, तिथं कुणीतरी सुचवलं की बोलणारं यंत्र बसवा, हवा कमी झाली की कानात सांगेल. लगेच प्रश्न आला, कुठल्या भाषेत? त्या बैठकीला माणसं मोजकीच, पण तोंडं इतकी सुटली की विचारू नको. आपल्या भागात दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरावरून डोकी फुटतात, तर हे तर जिवाचं काम. कानडी म्हणणारे कानडी म्हणाले, मराठी म्हणणारे मराठी, आणि एक शहाणा म्हणाला इंग्रजी ठेवा, म्हणजे कुणालाच नीट कळणार नाही आणि कुणाची तक्रार राहणार नाही. तू सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलंस आणि मला म्हणालीस, "शब्दच नको. शब्दानंच घात केला."

शब्दाशिवाय कसं सांगायचं, ते सापडलं माझ्या ठसक्यात. शेडमध्ये भडंग खात तुझ्याशी वाद घालत होतो, शेंगदाणा घशात अडकला. डोळे बाहेर आले. तू धावत आलीस, पाठीवर दणादण थापा मारल्यास, शेंगदाणा सुटला. मी अजून डोळे पुसतोय तर तू मागून विचारतेस, "अण्णा, थाप कुठं लागली? नेमकी कुठं? मास्क घालून बसा बघू, परत मारते." माझ्या जिवावर बेतलं होतं आणि तुझा हात तसाच वर, चेहरा दिवाळीसारखा. त्या क्षणी तुझा रागही आला आणि तुझ्याइतकं कुणी आवडलंही नाही.

टाकीतली हवा ठरावीक पातळीच्या खाली उतरली की तीच हवा एका छोट्या दट्ट्याला ढकलायची आणि तो दोन खांद्यांच्या मधोमध थाप मारायचा. थप, थप, थप. बॅटरी नाही, वायर नाही. दोन नळ्यांच्या मधल्या खोबणीत बसवलास, जाडी सुतभरही वाढली नाही. मी बोटानं दाबून बघितला. आणि मग भांडायला लागलो.

हेच ते आपलं भांडण. माझं म्हणणं साधं होतं. धुरात वळायचं नसतं. एक हात भिंतीला नाहीतर पाइपाला, आणि तोंड समोर, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. वळलास की दिशा गेली, दिशा गेली की तू गेलास. अशा जागी अचानक पाठीवर कुणी थाप मारली तर माणूस काय करणार? दचकणार आणि मागं वळून बघणार.

"वळावं म्हणूनच तर मारायची," तू म्हणायचीस. "आला त्या बाजूला तोंड होतंय की. दारच असतंय मागं."

"दचकल्यावर हातातला पाइप सुटंल."

"सुटणार न्हाय. दचकल्यावर माणूस हातातलं घट्ट धरतो. तुम्ही धरलं होतं, भडंगाचं ताट."

पट्ट्याला, बकलाला, नळीला तू माझं ऐकलंस. या एका गोष्टीत कधीच नाही. चाचण्या झाल्या, संच सगळ्यांत उतरला, आणि वापरून बघायला काही संच स्टेशनला द्यायचं ठरलं. शेवटचा फोन झाला तेव्हाही मी तेच म्हणालो, "आक्का, ती थाप काढ. माणूस मरंल." तू रागावली नाहीस. म्हणालीस, "सोमवारी या शेडवर. समोरासमोर भांडू, भडंग आणते." सोमवारी मी शेडवर गेलो नाही. निपाणीला गेलो, तुला पोचवायला.

मग मिलिंद माझ्याकडं आला. डोळे सुजलेले, हातात तयार संच. "अण्णा, द्यायची वेळ आली. थाप ठेवायची का काढायची? आक्का गेली, आता तुम्हीच सांगा." किती सोपं होतं बघ. दोन स्क्रू काढले की माझं म्हणणं खरं. तुझ्याकडून बोलायला कुणी नव्हतं. संच मी मांडीवर घेतला, खोबणीतल्या दट्ट्यावर बोट फिरवलं. मला पटलेलं काहीच नव्हतं, अजिबात नाही. पण भांडण अर्धं असताना समोरचा नाही हे बघून आपलं घोडं पुढं दामटायचं, हे मला जमेना. तू असतीस तर तू असं केलं नसतंस. मी मिलिंदला म्हणालो, "ठेव."

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते सांगत नाही. रिटायर माणसानं सायरन ऐकून कान टवकारायचे नसतात, पण मी प्रत्येक वेळी स्टेशनला फोन करायचो. कोण गेलं? कुठला संच? आलं का परत? तिथली पोरं वैतागली. त्यांना काय सांगू, की एका मेलेल्या बाईचा हट्ट आणि एका जिवंत म्हाताऱ्याची भीती, दोन्ही तुमच्या पाठीवर बांधलीयत.

गेल्या आठवड्यात निपाणीला पुन्हा वखार पेटली. तुझा संच घालून मंजुनाथ आत गेला. धारवाडकडचा तरुण फायरमन, मराठी तोडकीमोडकी. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं, तरी स्टेशनला गेलो. तो बाकावर बसून केळं खात होता. मला बघितल्या बघितल्या म्हणाला, "अण्णा, माझ्या मागं कोण होतं हो?"

"कोण न्हवतं. का रं?"

"कोण तरी थाप मारली की! जोरात. मला वाटलं कोण चेष्टा करतंय आत. शिवी घालायला वळलो."

"आणि?"

"आणि काय. मागं कोणच न्हाय. हातात पाइप घट्ट धरलेला. मग आठवलं, ही तर आक्काची थाप. पाइप धरून तसाच सरळ आलो. दारातच निघालो."

"शिट्टी ऐकली न्हाईस?"

"शिट्ट्या लई वाजत होत्या अण्णा. मला वाटलं दुसऱ्याची."

अडकला होतास का कुठं, विचारलं. नाही म्हणाला. ज्या वाटेत ईराप्पा अडकला होता तसल्याच वाटेतून हा पोरगा गेला आणि आला, आणि पाठीवर काही आहे हे थाप पडेपर्यंत त्याच्या ध्यानातही नव्हतं. शेवटी मी त्याच्या भाषेत विचारलं, "उसिरु इत्तेनु?" श्वास होता का रे शिल्लक?

"इत्तु अण्णा," तो म्हणाला. "इन्नू इत्तु." होता. अजून होता.

मी बाहेर आलो. ईराप्पा फाटकाशी थांबला होता. मी त्याला सांगितलं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं. मला म्हणाला, "हे माझं न्हवं हां. तिचं हाय, तुझ्याकडं ठेव."

तर आक्का, निकाल असा. माणूस दचकला, मी म्हणालो होतो तसाच. मागं वळला, मी म्हणालो होतो तसाच. आणि वळला म्हणून जगला, ते तू म्हणाली होतीस. मी हरलो. भडंग तू आणणार होतीस, आता मलाच आणावं लागेल. तू कसली इंजिनिअर होतीस, हे मी तुझ्या तोंडावर एकदाही बोललो नाही, चुकाच काढत बसलो. आता बोलतोय, आणि नीट ऐक हां, या खेपेला मी कानडीत बोलत नाहीये.

उसिरु नव्हे, आक्का. उशीर.